दशसहस्राच्या गावी

परदेशी गेलेल्या मराठी माणसाचे अडते ते जेवणात, असा आपल्याकडे समज आहे. तोक्योत माझे अडले ते शून्यांत!

मुलगा तिथे नोकरीला. आम्ही उभयता महिनाभर त्याच्याकडे गेलो होतो. एका संध्याकाळी फिरून येताना तो स्टेशनाजवळ घरांच्या दलालाच्या दुकानापुढे थबकला. काचेवर घरांचे नकाशे आणि किमती लावल्या होत्या. एका घराखाली आकडा होता ५,९८०, आणि पुढे एक जपानी अक्षर.

"सहा हजार येनांत घर? अरे, मग दोन घे!" मी म्हणालो.

तो हसला. "बाबा, ते अक्षर म्हणजे 'मान'. एक मान म्हणजे दहा हजार!"

एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र हे आपण लहानपणी घोकलेले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त दहा हजारांना 'अयुत' असे स्वतंत्र नावही आहे. पण आपण तिथे थांबत नाही, लक्षाकडे धावतो. जपानी माणसाचा मुक्कामच तिथे. दहा हजारांचा एक मान, दहा हजार मानांचा एक 'ओकु', म्हणजे आपले दहा कोटी. आपण आधी तीन आकडे सोडतो, मग दोन-दोन. त्यांची मोजणी चार-चारांची.

बरे, लिहिणेही तसेच असावे, तर तेही नाही! १८७३ साली फुकुझावा युकिची यांनी अमेरिकन हिशेबपद्धतीचे पुस्तक जपानीत आणले. पुढे पाश्चात्त्य जमाखर्च रुळला आणि दर तीन आकड्यांनंतरचा स्वल्पविरामही. त्यामुळे कागदावर ५९,८००,००० आणि तोंडी पाच हजार नऊशे ऐंशी मान! डोळे तीनांनी मोजतात, जीभ चारांनी. हेच फुकुझावा १९८४ पासून दहा हजारांच्या नोटेवर होते. २०२४ साली निघालेल्या नव्या नोटेवर शिबुसावा एइइची आले.

रात्री जेवणे झाल्यावर सौभाग्यवतींनी तो आकडा कागदावर उतरवून घेतला. बोटाने शून्ये मोजली आणि आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले : ५,९८,००,०००.

"पाच कोटी अठ्ठ्याण्णव लाख येन," ती म्हणाली. रुपये किती, ते तिने विचारले नाही. जरा थांबून म्हणाली, "आणि कर्ज किती वर्षांचं रे?"

"पस्तीस," तो खाली पाहत म्हणाला.

या आकड्याला स्वल्पविराम लागत नव्हता. तो आम्हां दोघांनाही एकदम कळला.