गिटारीचा विलाप

मनुष्याला अभिरुचि असावी, पण अभिरुचीचा ताठा असूं नये, असें आमचे गुरुजन वारंवार सांगत आले. या उपदेशाचें मर्म आम्हांस फार उशिरां कळलें. आणि तेंही अशा एका ध्वनिमुद्रिकेमुळें कळलें, कीं जिचें नांव व वेष्टन पाहून कोणाही सभ्य गृहस्थानें ती दूर सारावी. नांव 'मॅगॉट ब्रेन', म्हणजे अळ्या पडलेला मेंदू! वेष्टनावर मातींतून वर आलेलें एका स्त्रीचें मस्तक, तोंड उघडून किंकाळी फोडणारें; आणि पाठीमागच्या बाजूस त्याच जागीं कवटी. आमच्या दादांनीं ती तबकडी प्रथम घरीं आणली तेव्हां आम्हीं नाक मुरडलें, आणि 'हें का संगीत?' असें न ऐकतांच विचारलें. दादा हंसले व गप्प राहिले.

ही मुद्रिका 'फंकाडेलिक' या नांवाच्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांच्या ताफ्याची. डेट्रॉइट शहरांत ती ध्वनिमुद्रित झाली व १९७१ सालीं प्रसिद्ध झाली. ताफ्याचे नायक जॉर्ज क्लिंटन हे पूर्वी न्यू जर्सी संस्थानांतील प्लेनफील्ड गांवीं केशकर्तनाचा धंदा करीत; तेथेंच त्यांचा गायनाचा मेळा वाढीस लागला. १९६७ सालीं प्लेनफील्ड व डेट्रॉइट या दोन्ही ठिकाणीं भयंकर दंगली झाल्या होत्या. व्हिएतनामचें युद्धही चालूच होतें. अशा काळांत या मंडळींनीं आपल्या प्रार्थनामंदिरांतील सामुदायिक गायन, 'फंक' या नृत्यसंगीताचा भारदस्त ठेका, आणि 'रॉक' संगीतांतील विजेच्या गिटारीचा कल्लोळ, या तिहींचा मिलाफ केला.

मुद्रिकेचें नांवच जिला आहे ती पहिली रचना सुमारें दहा मिनिटांची आहे. आरंभीं क्लिंटन कांहीं वाक्यें बोलतात. त्यानंतर शेवटपर्यंत शब्द नाहीं. गिटारवादक एडी हेझल याचें वय त्या वेळीं जेमतेम वीस वर्षांचें होतें. आई वारल्याची वार्ता नुकतीच कानीं आली आहे असें मनांत धरून वाजव, अशा आशयाची सूचना आपण त्यास केली, ही हकीकत क्लिंटन यांनीं स्वतः अनेकदां सांगितली आहे. वास्तविक हेझलची आई तेव्हां हयात होती. पण त्या मुलानें असें कांहीं वाजविलें कीं, ऐकणाऱ्यास तें कल्पित वाटूं नये. प्रथम हुंदका अडतो, मग एकेक सूर लांबत जातो, मध्येंच तक्रार होते, मध्येंच समजूत पटल्यासारखी होते, आणि पुन्हां बांध फुटतो.

आतां खरी गोष्ट पुढेंच आहे. हेझल वाजवीत असतां इतर साथीदारही वाजवीत होते. परंतु तें वादन ऐकल्यावर, निरनिराळे ध्वनि एकत्र जुळवितांना, क्लिंटन यांनीं ढोलाचा व इतर साथीचा आवाज जवळजवळ पुसून टाकला. उरली एक साथीची गिटार. ती तेच थोडे स्वर सावकाश, न कंटाळतां, पुन्हां पुन्हां छेडीत राहते. हेझलच्या सुरांना मात्र त्यांनीं प्रतिध्वनि जोडले, आणि रिकाम्या घरांत कोणी एकटाच रडत असावा असा भास उत्पन्न झाला.

आमच्या मातोश्री निवर्तल्या त्या वर्षीं आम्ही दहावीच्या वर्गांत होतों. समाचाराला आलेला प्रत्येक जण प्रेमानेंच बोलत होता. 'धाकटीकडे पाहून धीर धरा,' 'देवाची इच्छा,' 'आतां अभ्यासांत मन घाला,' अशीं वाक्यें तेरा दिवस आमच्या कानांवर पडत होतीं. आम्हीं धीर धरला. चहाचे पेले फिरविले, पाहुण्यांच्या गाड्यांच्या वेळा पाहिल्या, परीक्षेंत गुणही बरे मिळविले. डोळ्यांतून टिपूस मात्र आलें नाहीं, आणि याची आम्हांस मनांतून मोठी लाज वाटे. जो आपली आई जिवंत असतां तिच्यासाठीं असा शोक करूं शकला तो वीस वर्षांचा परका मुलगा कोठें, आणि आम्ही कोठें!

पुढें दोन वर्षांनीं पावसाळ्यांतील एका संध्याकाळीं दादांनीं तीच तबकडी लाविली. वीज गेली नव्हती, पण दिवा कोणीं लावला नव्हता. कितव्या मिनिटाला झालें तें सांगतां येत नाहीं. पण आम्ही ओक्साबोक्शीं रडूं लागलों. दादा एक शब्द बोलले नाहींत. पाठीवरून हातही फिरविला नाहीं. रचना संपली तेव्हां त्यांनीं उठून सुई पुन्हां आरंभाच्या जागीं ठेवली, व आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

शाळेंत आम्हीं ईयोबाची कथा ऐकली होती. त्याचे तिघे मित्र सात दिवस व सात रात्रीं त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, तोंवर ते खरे मित्र होते. त्यांनीं तोंड उघडलें आणि उपदेशाला आरंभ केला, तेव्हां ते त्याला असह्य झाले. क्लिंटन यांनीं साथीचा आवाज काढून घेतला त्यांतील शहाणपण आम्हांस त्या संध्याकाळीं या कथेवरून उमगलें.

मुद्रिकेंतील एकूण सातही रचना अशाच आहेत असें नाहीं. कांहींत खेळकरपणा आहे. एकींत श्रीमंत व गरीब यांनीं एकमेकांस धरून राहावें, नाहीं तर कोणाचाच निभाव नाहीं, असें बजाविलें आहे. आणि शेवटची, प्रकटीकरणाच्या पुस्तकांतील हर्मगिदोनाच्या युद्धाचें नांव दिलेली, म्हणजे निव्वळ गोंगाट आहे. पहिल्या रचनेंत एकाचें दुःख ऐकूं यावें म्हणून सारे थांबतात. शेवटच्या रचनेंत सारेच ओरडतात आणि कोणाचेंच ऐकूं येत नाहीं.

येथें एक गोष्ट पालकांसमोर लपवून ठेवणें बरें नव्हे. या मंडळींत त्या काळीं मादक द्रव्यांचें सेवन फार होतें, आणि अशा संगीताचा जन्मच नशेंतून झाला असें म्हणणारेही आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. नशा त्या काळीं हजारोंनीं केली. असें वादन एकानेंच केलें. उलट नशेनें हेझलचें आयुष्य पोखरलें, आणि १९९२ सालीं अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं तो मरण पावला. त्याच्या मागें हे सूर मात्र राहिले. विशीही न गाठलेल्या मायकेल हॅम्प्टन या मुलानें ते आत्मसात केले, ताफ्यांत प्रवेश मिळविला, व पुढें वर्षानुवर्षें ते सभांतून वाजविले. पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला तरी नवे श्रोते या मुद्रिकेकडे वळतच आहेत. त्या काळचे रंगीबेरंगी कपडे व चमत्कारिक वेष्टनें आज हास्यास्पद वाटतात. पण आई कोणाची जुनी होत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, वर्गांतील एखादा सोबती घरीं दुःख घडून आठ-पंधरा दिवसांनीं शाळेंत परत येतो. त्याला काय बोलावें हें सुचत नाहीं म्हणून आपण दुसऱ्या बांकावर जाऊन बसतों. पूर्वीं आम्हींही तसेंच केलें आहे. आतां आम्ही त्याच्याच बांकावर बसतों, आपली वही उघडतों, आणि तो बोलेपर्यंत वाट पाहतों.