गाभोळी

“खावचो नाय तर मासो धरतंस कित्याक?” मालवणजवळ कर्लीच्या खाडीवर गरवायला बसलेले बाबा लहानपणी मला विचारायचे. हा प्रश्न मी आयुष्यभर सोबत बाळगला. म्हणूनच टेक्सोमा तलावावरच्या आमच्या क्लबच्या कॅटफिश स्पर्धेत पहिल्यांदा उतरलो, तेव्हा तिचा मुख्य नियमच मला पटला नव्हता. मासा जिवंत आणायचा, वजन करायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. माशाला जिवाच्या आकांताने झुंजवायचं, फोटो काढायचा आणि वर दया केल्याचं समाधान मिळवायचं, हे मला अन्नाचा अपमान केल्यासारखं वाटे. मी तसं सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं होतं.

हा तलाव टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या सीमेवर आहे. १९४४ मध्ये पूर्ण झालेल्या डेनिसन धरणाने रेड नदी अडवली आणि सुमारे ८९ हजार एकरांचं पाणी साठलं. इथला राजा म्हणजे निळा कॅटफिश, आपल्या शिंगाळ्याचा लांबचा भाऊबंद. अंगावर खवले नाहीत, ओठांभोवती मिशा, पाठीवर आणि दोन्ही बाजूंना ताठ होऊन अडकणारे काटे. जानेवारी २००४ मध्ये याच तलावात एकशे साडेएकवीस पौंडांची, म्हणजे ५५ किलोंची मादी गरीला लागली होती. तिला कापलं नाही. टेक्सासमधल्याच अथेन्स गावातल्या सरकारी मत्स्यकेंद्राच्या टाकीत ठेवलं आणि लोक तिला बघायला लांबून येत. ही गोष्ट ऐकून मला तेव्हा फक्त एवढंच वाटलं होतं, की अख्ख्या वाडीचं जेवण झालं असतं.

माझं मत बदललं ते माझ्याच स्वयंपाकघरात. इथल्या कायद्याने तीस इंचांवरचा एकच निळा कॅटफिश माणशी दिवसाला ठेवता येतो. स्पर्धा नसलेल्या एका एप्रिलच्या शनिवारी मला असा एक मिळाला, चाळीस पौंडांच्या आसपासचा. हक्काचा होता, मी तो घरी आणला. पोट चिरलं तर आत गाभोळीच्या, म्हणजे अंड्यांच्या, दोन भल्यामोठ्या पिशव्या. आमच्या घरी गाभोळी निघाली की आनंद व्हायचा, तव्यावरच्या पहिल्या तुकड्यासाठी भांडणं व्हायची. मलाही आधी तोच आनंद झाला. मग मांस कापायला घेतलं. कुशीतून जाणारा लालसर पट्टा उग्र वासाचा, चरबी पिवळी, चव चिखलाची. दोन-तीन पौंडांच्या कॅटफिशचं मांस पांढरं आणि गोड लागतं, त्याच्या जवळपासही हे नव्हतं. आम्ही थोडं खाल्लं, शेजारी दिलं, आणि उरलेलं बरंच मी काळ्या पिशवीत बांधून टाकून दिलं. गाभोळीसकट. अन्नाचा अपमान मीच केला होता.

त्यानंतर मी या माशाबद्दल वाचायला लागलो. इतका मोठा व्हायला त्याला दहा वर्षांहून जास्त लागू शकतात. वसंताच्या अखेरीस पाणी उबदार झालं की मादी कपारीत हजारो अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. तसं पाहिलं तर पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ, म्हणून नारळी पौर्णिमेआधी समुद्रात होडी घालायची नाही, हे बाबांनीच मला शिकवलं होतं. सोडून देणं आमच्याकडेही होतंच, फक्त ते माशाला हात लावायच्या आधी होतं. अर्थात, पहिल्या पावसात ओहोळाला चढणारे मासे गाभोळीसकट आम्हीच धरायचो. तेव्हा काही खटकलं नव्हतं, आणि ते बरोबर होतं असं आज मी म्हणू शकत नाही.

पुढच्या वर्षीपासून मी स्पर्धेत वजनकाट्याजवळ, सोडण्याच्या टाकीपाशी उभा राहू लागलो. मोठा मासा जबड्याला धरून लोंबकळत ठेवायचा नाही, पोटाखाली हात हवाच, हे मी तिथे शिकलो. गोल वळणाची गरी बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यातच लागते, घशात उतरत नाही, हेही तिथेच पाहिलं. आता मी छोटे मासे खायला आणतो आणि मोठे सगळे सोडतो.

पण बाबांचा प्रश्न सुटलेला नाही. माशाला त्रास होतो, हे मी त्या टाकीपाशी दर वेळी बघतो. उन्हाळ्यात तर पाणी तापून त्यातला प्राणवायू कमी होतो. होडीतल्या टाकीत तासन्‌तास राहिलेला मासा वजनाच्या वेळी हालतो खरा, पण सोडल्यावर उलटा होऊन तरंगताना मी पाहिलाय. तो आमच्या कागदावर ‘जिवंत’ म्हणूनच लिहिला गेला. म्हणून गेल्या बैठकीत मी सुचवलं, की उन्हाळ्यातली, म्हणजे ऑगस्टची फेरी बंद करावी, नाहीतर होडीवरच लांबी मोजून, फोटो काढून मासा तिथल्या तिथे सोडावा. ज्यांच्याशी मी एके काळी उलट बाजूने भांडलो होतो, त्यांनीच ते नाकारलं. वजनकाट्याभोवती जमणारी माणसं, लहान मुलं, हीच स्पर्धेची जान आहे, असं त्यांचं म्हणणं. तेही खोटं नाही. माझी मुलगी तिथेच पहिल्यांदा माशाच्या मिशांना हात लावायला धजावली.

एप्रिलच्या फेरीला मी टाकीपाशी असेन. ऑगस्टच्या फेरीसाठी नाव दिलेलं नाही.