पयनघाटातून वर

पातूर मागं पडलं की गाडीचा आवाज बदलतो. रस्ता अजून सपाटच दिसत असतो, डोळ्याला चढ जाणवलेला नसतो. पण चौथ्या गिअरमध्ये खुशीत चाललेलं इंजिन जड श्वास घ्यायला लागतं आणि डावा पाय आपोआप तिसऱ्यावर येतो. घाट लागल्याचं आधी कानाला कळतं, मग पायाला. पाटी सगळ्यात शेवटी दिसते. अकोल्याहून वाशिमला या रस्त्यानं मी किती वेळा आलो असेन याचा हिशेब नाही, पण ही पहिली खूण अजून चुकलेली नाही.

जुन्या वऱ्हाडाचे दोन भाग सांगत: पयनघाट आणि बालाघाट. पयनघाट म्हणजे घाटाखालचा मुलूख, पूर्णेचं काळ्या मातीचं खोरं. बालाघाट म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेनं उचलून धरलेला वरचा भाग. मोगलांच्या कागदपत्रांत हे शब्द आहेत, इंग्रजांनीही तेच चालवले. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत, वाशिम साडेपाचशेच्या आसपास. मधलं अंतर जेमतेम ८० किलोमीटर. कारच्या काचा लावून, गार हवा सोडून आलात तर हा फरक फक्त नकाशात राहतो. मोटरसायकलवर तो अंगावर येतो. ऑक्टोबरच्या संध्याकाळी पातूरला शर्टाची वरची गुंडी उघडी असते. मेडशी येईपर्यंत ती लावावीशी वाटते. ज्यांनी पयनघाट आणि बालाघाट ही नावं ठेवली, ते पायी किंवा घोड्यावर जाणारे लोक होते. त्यांना मुलूख असाच अंगानं कळला असणार.

इंग्रजांच्या काळात वाशिमचा वेगळा जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून वाशिम अकोल्यात घातलं आणि पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. म्हणजे ९३ वर्षं घाटावरच्या माणसाला कचेरीच्या कामासाठी घाट उतरावा लागला. माझे बाबा झेडपीच्या शाळेत मास्तर होते. पगारबिलं, बदल्या, थकबाकीचे कागद, सगळं अकोल्याला. बाबांकडे राजदूत होती. सकाळी सहाला निघत, कागदांची पिशवी टाकीवर दोरीनं बांधलेली, सीटखाली एक प्लग, पाना आणि क्लचवायरचं वेटोळं. सुट्टीच्या दिवसांत मी मागं बसायचो. घाटात ते बोलत नसत. वर आलं की एकच वाक्य, दरवेळी तेच: ‘‘ज्या गिअरमध्ये चढशील, त्याच गिअरमध्ये उतरायचं.’’

तेव्हा ते वाक्य मला पाढ्यासारखं वाटायचं. त्याचा अर्थ स्वतः गाडी चालवायला लागल्यावर कळला. उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे मी पुष्कळ पाहिलेत. सगळा भार मग ब्रेकवर येतो, ड्रम तापतो, लायनर पकड सोडतं, आणि नेमकं ज्या वळणावर ब्रेक हवा तिथंच तो हाताला लागत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागून धरून ठेवतं. वळणाचंही तसंच. तिथं हातापेक्षा डोळ्याला काम जास्त. जिकडं बघाल तिकडं गाडी जाते. दरीकडं बघत राहिलात तर दरीकडं, वळणाच्या शेवटाकडं बघितलंत तर तिकडं. आणि वेगात असताना डावीकडं वळायचं तर हँडलची डावी बाजू अलगद पुढं ढकलावी लागते. ऐकायला उलटं वाटतं, पण गाडी लगेच डावीकडं कलते. शरीर हे शिकलेलं असतं, डोक्याला पत्ता नसतो.

घाटातला रस्ता वळणं का घेतो, याचा मी पूर्वी विचार केला नव्हता. पोहरादेवीला जायला लागल्यापासून करतो. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी म्हणजे बंजारा समाजाची काशी, संत सेवालाल महाराजांची समाधी तिथं आहे. रेल्वे येण्याआधी या देशातलं धान्य आणि मीठ बंजाऱ्यांच्या लदेणीवर चालायचं. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून शेकडो, कधी हजारो जनावरांचे तांडे दख्खन पालथं घालत. मोगलांच्या फौजा त्यांच्यावर जेवल्या, इंग्रजांच्याही. ओझ्याचा बैल सरळ चढावर चढत नाही. तो आडवा जातो, दम घेतो, पुन्हा उलटा आडवा जातो. अशा शंभर पावसाळ्यांच्या खुरांनी जी वाट पडते, तीच पुढं गाडीवाट होते, मग सडक. इंजिनिअरनं नंतर तिला मोजलं आणि डांबर टाकलं. प्रत्येक घाटाची वंशावळ अशीच असेल असा माझा दावा नाही. पण वळणात गाडी दुसऱ्या गिअरवर कुरकुरते तेव्हा मला पुढं चालणारा बैल दिसतो, आणि त्याचा दम आणि इंजिनाचा दम एकाच मापाचा वाटतो.

या घाटातून अजूनही पायी जाणारे आहेत. शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी निघते ती अकोल्यावरून पातूर, मेडशी, शिरपूर जैन, रिसोड अशी पुढं मराठवाड्यात उतरते. पंढरपूर गाठायला महिनाभर लागतो. पालखी घाटात असली की मी गाडी बंद करून कडेला उभा राहतो. पांढऱ्या कपड्यांची ती शिस्तीची ओळ वर चढताना पाहिली की चढ खरा केवढा आहे ते दिसतं. टाळांचा ठेका चढावर ढिला पडत नाही. पावलं लहान होतात, ठेका तोच राहतो.

एकदा याच घाटात माझी क्लचवायर तुटली. रस्ता चौपदरी व्हायच्या आधीची गोष्ट. वर जाताना, वळणाच्या ऐन तोंडावर, लिव्हर एकदम ढिली झाली आणि हाताशी आली. गाडी बंद पडली. मागं उतार, बाजूला कठडा. पुढचा ब्रेक एका हातानं दाबून मी उभा, आणि दुसऱ्या हातानं काय करावं ते कळेना. वरून एक म्हातारे गृहस्थ शेळ्या घेऊन येत होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, काही न बोलता कडेचा एक फरशीएवढा काळा दगड उचलला आणि मागच्या चाकाला लावला.

‘‘सोडा आता बिरेक. काय तुटलं जी?’’

‘‘क्लचवायर. आहे माझ्याकडं दुसरी.’’

‘‘मंग बसा जरासे, पानी प्या. घाट काही पळून नाही जात.’’

बाबांची सवय लागली होती म्हणून वायर जवळ होती. तुटलेल्या वायरचे तंतू ब्रशच्या केसांसारखे पिंजारलेले, त्यातला एक बोटात घुसला. जुनी वायर ओढून काढायची, नवीचं टोक हँडलपासून टाकीखालून इंजिनापर्यंत सरकवायचं, वरची गोळी लिव्हरच्या खाचेत नेमकी बसवायची, खाली नट आवळायचा. एकट्या माणसाला तिसरा हात लागतो. तो हात त्यांनी दिला. मी खाली आवळत असताना त्यांनी लिव्हर धरून ठेवली, जराशीही न हलवता, जणू रोजचं काम होतं. ढील किती ठेवायची ते अंदाजानं केलं. गाडी सुरू झाली, क्लच पकडला. मी हात जोडले, खिशाकडं हात नेला, तर त्यांनी मान हलवली आणि चाकाकडं बोट केलं.

‘‘निघतानी तो दगड उचलून बाजूले ठेवजा. मांगून येनाऱ्याच्या चाकाखाली येते.’’

घाटात मोटरसायकलवाल्याचा जीव किती वेळा अशाच दगडानं घेतला असेल. ट्रक बंद पडतो, क्लीनर चाकाला दगड लावतो, ट्रक निघतो, दगड रस्त्यातच राहतो. रात्री तो दिसत नाही. तेव्हापासून घाटात रस्त्यावर पडलेला दगड दिसला तर थांबून बाजूला करतो. उशीर होतो. होऊ दे. आणि आता जास्तीची क्लचवायर वेटोळं करून ठेवत नाही. जुन्या वायरच्या शेजारून ओढून चिकटपट्टीनं बांधून ठेवतो. तुटली तर फक्त दोन टोकं बदलायची, पाच मिनिटांचं काम.

वर आलं की मेडशी, मग मालेगाव. याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, पूर्ण रस्ता ५ जून २०२५ ला. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांना चिरत तो गेला आहे. दुचाकींना त्यावर बंदी आहे, आणि ती योग्य आहे असं माझं मत आहे. ताशी १२० नं धावणाऱ्या गाड्यांच्या झोतात मोटरसायकल वाऱ्यानंच हेलकावते. पण त्या रस्त्यावरून मित्राच्या कारमध्ये बसून गेलो तेव्हा मला जाणवलं, की इथं चढ-उतार कुठं आहेत ते कळतच नाही. टेकडी आली की ती कापली आहे, खोरं आलं की भराव टाकला आहे. सरळ, एकसुरी, गुळगुळीत. चालवणाऱ्याचे डोळे उघडे असतात आणि भान मिटलेलं असतं. वळण माणसाला जागं ठेवतं. आम्हा दुचाकीवाल्यांना जुना रस्ता मिळाला, कारंजा-शेलूबाजार-मालेगाव-मेहकर-सिंदखेडराजा, त्याबद्दल मला खेद नाही.

या रस्त्याचे धोके मात्र त्याच्याच मातीतले आहेत. दसऱ्यानंतर सोयाबीन निघतं, खळं कुणाकडं राहिलेलं नाही, म्हणून डांबरावर वाळत घालतात. चाकाखाली ते दाणे छऱ्यांसारखे सरकतात, त्यावर ब्रेक दाबायचाच नाही. पावसात ट्रॅक्टरच्या टायरातून काळी माती रस्त्यावर पडते आणि दोन थेंबांत तिचा साबण होतो. आणि तिन्हीसांजेला रोही. दोन-अडीच क्विंटलचं जनावर तुरीतून उडी मारून समोर उभं राहतं. एक ओलांडून गेला की दुसरा येतोच. पहिला गेला म्हणून गाडी सोडायची नाही.

एका जुलैमध्ये मी मनालीहून लेहला गेलो होतो. त्या प्रवासाची फारशी आठवण सांगावीशी वाटत नाही, एक सोडून. बारालाचा खिंडीत, जवळपास ४,९०० मीटरवर, धाप लागलेली, गाडीही कमी हवेनं मलूल. तिथं चहावाल्यानं सांगितलं, खिंडीच्या एका अंगाला भागा नदी निघते, दुसऱ्या अंगाला चंद्रा. दोघी वेगवेगळ्या वाटांनी डोंगराला वळसा घालतात आणि तांडीला भेटतात. भेटल्यावर नाव होतं चंद्रभागा. पालखी बघत वाढलेल्या माणसाला तिथं, बर्फाच्या भिंतींमध्ये, हे नाव ऐकल्यावर काय वाटलं असेल? मी बराच वेळ हातमोजे काढून नुसता उभा होतो. मग मनात आलं, आपल्या घाटावर पडणारं पाणी कुठं जातं?

घरी येऊन नकाशा काढला. मला वाटत होतं, पाणी घाटमाथ्यावर वाटलं जात असेल. तसं नाही. काटेपूर्णा वाशिमजवळच्या काटा गावाकडं उगम पावते आणि उत्तरेला जाते, घाट उतरून महानच्या धरणात थांबते, तिथून अकोल्याच्या नळांना पाणी जातं. पुढं ती पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्राला. वाशिमच्या दक्षिणेचं पाणी मात्र पैनगंगेला, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. म्हणजे मेडशीच्या पुढंही, मालेगावच्या आसपासही पाणी अजून मागंच, पयनघाटाकडं जात असतं. खरा पाणलोट वाशिम जवळ आल्यावर कुठंतरी सपाट रानात आहे. तिथं दरी नाही, वळण नाही, पाटी नाही. सोयाबीन, तूर, एखादा बाभळीचा बांध.

ती जागा शोधायला मागच्या श्रावणात निघालो. मालेगाव सोडलं आणि पावसानं गाठलं. इथं सगळं वरच्या गिअरमध्येच चालतं, इंजिन काही सांगत नाही. म्हणून दर किलोमीटर-दोन किलोमीटरवर गाडी स्टँडवर लावायची, हेल्मेट काढायचं, आणि कडेच्या नालीत वाकून बघायचं. पहिल्या तीन वेळा पाणी मी आलो त्या दिशेनं चाललं होतं, काडीकचरा घेऊन, अकोल्याकडं. चौथ्या वेळी नाली तुडुंब होती आणि पाणी थांबल्यासारखं दिसत होतं. बांधावर एक मावशी इरलं पांघरून निंदणाच्या बायकांची वाट बघत होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘काही पडलं का जी तुमचं?’’

‘‘नाही मावशी. पाणी कुठं चाललंय ते बघतोय.’’

त्या खाली आल्या, इरलं सावरून माझ्या शेजारी वाकल्या. मी तुरीचं एक पान तोडून पाण्यावर टाकलं. ते फिरलं, कडेच्या गवताला टेकलं, सुटलं, पुन्हा फिरलं. आम्ही दोघं बघत राहिलो.