आधी दिवा लावून बघा

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या निफाड तालुक्यातली थंडी ठाऊक असलेल्यांना वेगळे सांगायला नको. आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला न्यायचे होते आणि सकाळी सातला दवाखान्यात हजर राहायला सांगितले होते. आधीची तारीख खोकल्यापायी हुकली होती. पहाटे पाचलाच म्हातारी शाल पांघरून ओट्यावर येऊन बसली. मी गाडीत बसलो, चोक ओढला, किल्ली फिरवून सेल्फ मारला. ‘कट्’ असा एक आवाज झाला, आणि पुढे काहीच नाही.

गाडी म्हणजे 1988 सालची पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाड्या निघायच्या बंद होऊन वीस वर्षांच्या वर झाली. माझ्या थोरल्या भावाने ती जुनीच विकत घेतली होती. तो पंपसेट दुरुस्तीची कामे करायचा. तो गेल्यापासून गाडी मी चालवतो, आणि वहिनी व पुतण्या आमच्यातच असतात. पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, पण बोलायला कमी.

पुन्हा सेल्फ मारला. पुन्हा ‘कट्’. आदल्या संध्याकाळी पुतण्या गाडी आतून झाडत होता, ते मला आठवले आणि माझे डोके फिरले. “काल आतला दिवा जळत ठेवलास ना? उतरवलीस बॅटरी! बाप गेला तरी तुला अक्कल आली नाही,” मी ओरडलो. वहिनी दारातच उभी होती. ती काही बोलली नाही, आत निघून गेली. आई म्हणाली, “अरे, कुणाला काय बोलतोस?” पण शब्द सुटून गेला होता.

पोरगा खाली मान घालून क्षणभर उभा राहिला. मग म्हणाला, “तात्या, एकदा हेडलाइट लावा.”

“बॅटरी उतरली आहे म्हणतोय ना मी!”

“लावून तर बघा. अण्णा आधी दिवा लावून बघायचे.”

मी दिवे लावले. गोठ्याच्या भिंतीवर लख्ख उजेड पडला. “आता दिवे चालू ठेवून सेल्फ मारा,” तो म्हणाला. मी मारला. ‘कट्’ झाले, पण उजेड तसूभरही कमी झाला नाही. बॅटरी उतरलेली नव्हती. पोराचा गुन्हाच नव्हता.

एवढ्यात काहीतरी जळाल्याचा वास आला. पुतण्याने बॉनेट उघडून इकडेतिकडे हात लावला आणि चटकन मागे घेतला. चोकची वायर तापली होती. ती पाहून तो म्हणाला, “इंजिनाला अर्थिंग मिळत नाही.” ट्रॅक्टरच्या खोलीतून त्याने जंप केबल आणली. तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावले आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. “मारा आता.” मी किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झाले.

हे काय झाले ते त्याने मला वाटेत समजावले. बॅटरीची एक बाजू गाडीच्या बॉडीला जोडलेली असते, पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून बॉडीपासून इंजिनापर्यंत तांब्याच्या तारांची एक विणलेली पट्टी असते. सेल्फची वीज त्या पट्टीवाटे परत येते. हेडलाइटला सात-आठ अँपिअर पुरतात, सेल्फला शंभराच्या वर लागतात. पट्टीचा जोड खराब झाला की एवढी वीज दुसरी वाट शोधते आणि चोकच्या बारीक वायरीतून जाऊ पाहते. तिला ते झेपत नाही, ती तापते. दिव्यांचा रस्ता वेगळा, म्हणून ते लख्ख राहतात.

ऑपरेशन वेळेवर पार पडले. दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर आम्ही ती पट्टी सोडवली. बोल्टखाली निळा ऑइल पेंट होता आणि आटे गंजलेले. उन्हाळ्यात बॉनेटखाली रंग मीच दिला होता, आणि पट्टी त्या रंगावरच कसली होती. काही महिने आट्यांतून कसेबसे काम चालले, पावसाळ्यात तेही गंजले. म्हणजे खोड माझीच. आम्ही पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत घासले, पट्टी घट्ट आवळली आणि वरून थोडे ग्रीस लावले.

ज्यांच्या दारात जुनी पेट्रोलची गाडी आहे त्यांच्यासाठी एवढे लिहून ठेवतो. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नसेल, तर हेडलाइट लावून पाहा. दिवे आधीच मंद असतील तर बॅटरी उतरली आहे. लख्ख असून सेल्फ मारताच विझू लागले तर बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली आहे का, ती सैल आहेत का ते बघा. ती साफ असतील तर बॅटरीच कमजोर झाली असेल. दिवे तसेच राहिले तर सेल्फची वायर, तिचा स्विच किंवा अर्थिंगची पट्टी बघा. इंजिन फिरते पण पेटत नसेल, तर पेट्रोल येत नाही किंवा ठिणगी पडत नाही. गाडी धुतली असेल किंवा दव फार पडले असेल, तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून आतून कोरड्या फडक्याने पुसा आणि पॉइंट काजळले आहेत का ते पाहा. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर चोक फार ओढला गेला आहे. चोक आत ढकला, थोडे थांबा, मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. ठिणगी तपासताना जवळ पेट्रोल सांडलेले नको.

विहिरीवरच्या मोटारीने पाणी ओढले नाही तर आपण लगेच नवी मोटार आणत नाही. फ्यूज बघतो, फूटव्हॉल्व्ह बघतो. बैल उठला नाही तर शहाणा शेतकरी चाबूक उचलत नाही, आधी खूर पाहतो. माणसाच्या बाबतीत मात्र मी काहीही न बघता चाबूक उचलला.

नाशिकहून परतताना आई डोळ्यावर पट्टी बांधून मागे बसली होती. लायसन्स पोराकडे आहे, तरी गाडी मी त्याच्या हाती कधी देत नसे. त्या दिवशी किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, “काल मी चुकलो रे. तुझ्या बापाने तुला चांगले शिकवले.” तो काही बोलला नाही. त्याने किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. घरी पोचल्यावर हेच शब्द मी वहिनीसमोरही बोललो, कारण आदल्या पहाटेचे शब्द तिनेही ऐकले होते.