नीळ आणि मोरचूद

पालम तालुक्यातल्या गोदाकाठच्या जुन्या घरांत ओसरीवर उजेड भरपूर, माजघरात मात्र बेताचाच. जाड भिंती, लहान खिडक्या. अशा घराला आतून निळा द्यायचा तर कोणता, हे दुकानातल्या शेडकार्डावर ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. चुन्यात पुडीतली नीळ कालवली की रंग किंचित जांभळ्याकडे झुकतो; मोरचूद घातलं तर हिरवट झाक येते. फवारणीचं बोर्डो मिश्रण करणाऱ्या शेतकऱ्याला ही दुसरी छटा वेगळी सांगायला नको, जोडी तीच आहे. नीळ मात्र कारखान्यातली. पूर्वी तिच्या जागी बदख्शानच्या खाणींतला महागडा लाजवर्द दगड कुटावा लागे. कृत्रिम नीळ बनवल्याबद्दल ग्विमे या फ्रेंच रसायनज्ञाला १८२८ साली बक्षीस मिळालं आणि हा रंग गरिबाच्या भिंतीपर्यंत पोचला. शिवाय चुन्याच्या दाहक गुणापुढे प्रशियन निळा टिकत नाही, नीळ टिकते.

कुणी म्हणेल, दोन्ही निळेच, एवढा काथ्याकूट कशाला? तळहाताएवढ्या डागात फरक नाहीच दिसत. पण चार भिंती रंगल्या की एकीचा उजेड दुसरीवर पडतो, छटा दुणावते, कोपरा अधिकच गडद होतो. जांभळट असेल तर जांभळट, हिरवट असेल तर हिरवट. जुना पिवळा बल्ब निळा प्रकाश फार कमी देतो, म्हणून त्याखाली नीळ राखाडी पडते आणि मोरचुदी भिंत तरतरीत राहते. यावर खरा आक्षेप असा, की आता घरोघरी पांढरे एलईडी आहेत. मान्य, आणि म्हणूनच निवाडा उलटतो. एलईडीचा निळा झोत ४५० नॅनोमीटरच्या आसपास टोकदार असतो आणि ४८० जवळ खळगा पडतो. नीळ त्यात उठून दिसते, मोरचुदी छटेचं मात्र नेमकं तेच अंग उपाशी राहतं. निळ्याने खोली थंड राहते, हेही ऐकू येतं. उन्हाची तिरीप परतवायची ती बाहेरच्या भिंतीने आणि छताने, तिथे पांढरा चुनाच सरस. आतल्या रंगाने मे महिन्यातला परभणीचा पारा उतरत नाही. तेव्हा आधी बल्ब ठरवावा, मग दोन्ही रंगांचे हातभर पट्टे त्याच खोलीत ओढून पूर्ण वाळू द्यावेत, कारण ओला चुना गडद दिसून फसवतो, आणि दुपारी व रात्री दोनदा पाहावेत. ओसरीला नीळ, पिवळ्या दिव्याच्या माजघराला मोरचूद, ही माझी निवड. फक्त मोरचूद विषारी आहे. रांगतं मूल हात लावील त्या उंचीवर ते नको.