भावाचा वेश

प्रिय छकुली,

दादाचा सदरा घालून तू आरशासमोर व्हायोलाची तालीम करतेस, असं वहिनी फोनवर म्हणाली. राहवलं नाही, पत्र लिहायला बसले. शेक्सपिअरचं ‘ट्वेल्फ्थ नाइट’ माझ्या फार जिवाचं नाटक.

पुरुषवेशातली मुलगी म्हटली की ढांगा टाकत चालणं, घोगरा आवाज काढणं आलंच. लोक हसतातही. पण व्हायोलाने वेश कुणाचा घेतलाय ते बघ. गलबत फुटलं, जुळा भाऊ सेबॅस्टियन बुडाला असं ती धरून चाललीय आणि परक्या इलिरियात सिझारिओ होऊन ड्यूक ऑर्सिनोची चाकरी करते. पोशाख मात्र थेट भावाचा: तीच ढब, तोच रंग. तिसऱ्या अंकाच्या शेवटी ती स्वतःच हे सांगते. आरशात पाहिलं की तिला भाऊ जिवंत दिसतो. ऑर्सिनो जिच्या मागे लागलाय त्या ऑलिव्हियाचाही भाऊ गेलाय. तिने सात वर्षं तोंड झाकून राहायचं ठरवलंय. आणि ती भाळते ती याच उसन्या चेहऱ्यावर!

शेक्सपिअरला जुळी मुलं होती, हॅम्नेट आणि ज्युडिथ. हॅम्नेट १५९६ मध्ये गेला, अकरा वर्षांचा. या नाटकाच्या प्रयोगाची पहिली नोंद १६०२ची. नाटक वाचताना मला मागे राहिलेली ज्युडिथ आठवते.

शेवटी भाऊ समोर येतो तेव्हा धावत जाऊन गळ्यात पडू नकोस. व्हायोला पडत नाही. वडिलांच्या कपाळावरचा तीळ, तिला तेरावं वर्ष पुरं झालं त्याच दिवशी त्यांचं जाणं, अशा खुणा दोघं आधी पटवून घेतात. तो जिवंत आहे हे प्रेक्षकांना दुसऱ्या अंकापासून ठाऊक असतं, तरी श्वास अडकतो. आणि एक गोष्ट संहितेत नावं छापलेली असल्यामुळे वाचताना निसटते: ‘व्हायोला’ हे नाव रंगमंचावर तोवर कुणी उच्चारलेलंच नसतं. ते पहिल्यांदा उमटतं भावाच्या तोंडून. ते ऐकताना गप्प उभी राहा, घाई करू नकोस.

तिचे स्वतःचे कपडे गलबताच्या कप्तानाकडे, आणि कप्तान ऑलिव्हियाचा कारभारी मॅल्व्होलिओ याच्या फिर्यादीवरून कैदेत. पडदा पडतो तेव्हाही ती भावाच्याच वेशात असते. तेव्हा प्रयोगासाठी नवा सदरा शिवू नकोस, दादाचाच घाल.

माझी जागा पुढच्या रांगेत धर.

तुझी,
आत्या