आदणागणिक

गेल्या महिन्यात सेंद्रिय गुळाच्या एक किलोच्या खोक्यावर छापायचा मजकूर माझ्याकडे भाषांतराला आला. ऊस इथला, गुळव्या इथला, पेठही गुळाचीच. शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. सौदे पुढं मार्केट यार्डात गेले, तरी गूळ म्हटलं की जुनी माणसं अजून आमच्या गल्ल्यांकडं बोट दाखवतात. मजकूर मात्र आधी इंग्रजीत लिहिलेला. त्यातलं शेवटचं वाक्य असं, की रंग बॅचनुसार ‘व्हेरी’ होऊ शकतो. बाकीचं काम अर्ध्या तासात झालं. या वाक्याला तीन दिवस लागले.

इतकी वर्षं भाषांतर करतोय, पण मला सर्वांत जास्त अडवलं ते याच शब्दकुळानं. व्हेरी, व्हेरिएशन, व्हरायटी, व्हेरिएबल, व्हेरिअन्स, व्हेरिअंट. मूळ लॅटिन शब्द ‘वॅरिउस’. अर्थ ठिपक्याठिपक्यांचा, रंगीबेरंगी, पालटणारा. बियाणं असो, बाजारभाव असो की विषाणू, इंग्रजी त्याच एका मुळावर भागवते. मराठीत तसं चालत नाही. शब्द हाती येण्याआधी विचारावं लागतं, बदललं काय, आणि ते रोज हाताळतं कोण?

हे मला उसानं शिकवलं. धंद्यात नवा असताना शेतीच्या एका पत्रकात मी ‘व्हरायटी’ला सगळीकडं ‘प्रकार’ लिहिलं होतं. छापण्याआधी एका शेतकरी काकांना वाचून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, “भज्यांचं प्रकार असत्यात. उसाची जात असती.” मग त्यांनी जाती सांगितल्या, घरातल्या माणसांची ओळख करून द्यावी तशा. को ८६०३२, त्यातलं ‘को’ म्हणजे कोइमतूर. कोएम ०२६५, जिला सगळे नुसतं ‘दोनशे पासष्ट’ म्हणतात. कुठली कुठल्या रानात येते, कुठलीचा गूळ चांगला पडतो. ‘प्रकार’ या शब्दात यातलं काहीच मावत नव्हतं. त्या रात्री मी पत्रक पहिल्यापासून लिहिलं. बियाण्याच्या पिशवीवर ‘वाण’, बांधावर ‘जात’, हा भेदही तेव्हाच कळला.

तेव्हापासून कोशाआधी माणसाकडं जायची सवय लागली. हिशेब तपासणारा ‘व्हेरिअन्स’ला तफावत म्हणतो. भावाचा असतो चढउतार. संख्याशास्त्राच्या पुस्तकात त्याच ‘व्हेरिअन्स’ला प्रचरण म्हणतात. हा शब्द माझ्या कानाला अजून परका वाटतो, पण मी तो बदलत नाही, कारण परीक्षेला बसणाऱ्या मुलाला तोच लागणार आहे. शाळेतला ‘चलन’ मात्र मला फार सुंदर वाटतो. समचलन आणि व्यस्त चलन. एक वाढलं की दुसरंही त्याच पटीत वाढतं, किंवा त्याच पटीत घटतं. चल, चलन, चाल, चालणं. मुलाला तो शब्द निम्मा आधीच येत असतो.

पोथ्यांच्या जगात ‘व्हेरिअंट’ला पाठभेद म्हणतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ ते १९६६ चाललं. बाराशेंहून अधिक हस्तलिखितं ताडून पाहिली आणि न स्वीकारलेले पाठही फेकून न देता पानाच्या तळाशी जपले. २०२१ साली हाच ‘व्हेरिअंट’ रोज टीव्हीवर येऊ लागला, तेव्हा माझ्या मनात आधी पाठभेदच आला. विषाणूही स्वतःची नक्कल उतरवताना चुकतो, थकलेल्या लेखनिकासारखा. पण आरोग्याच्या पत्रकात पाठभेद लिहून कसं चालेल? ‘उत्परिवर्तित प्रकार’ लिहिलं. आमच्या गल्लीत कुणी तो शब्द उच्चारला नाही. सगळे ‘डेल्टा’ म्हणत होते आणि घाबरून म्हणत होते. लोकांना तेव्हा साधी, स्वच्छ मराठी हवी होती. ती मला वेळेवर देता आली नाही, याची खंत आहे.

या शब्दकुळाबाहेरचा, पण अर्थानं सख्खा शब्द म्हणजे ‘म्युटेशन’. जीवशास्त्रात उत्परिवर्तन, आणि तलाठ्याकडं फेरफार. एकाच दिवशी दोन्ही माझ्या टेबलावर आले होते. एका कागदात पेशी, दुसऱ्यात वडील वारल्यावर तीन भावांची नावं सातबाऱ्यावर चढवणारी नोंद. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. उत्परिवर्तन म्हटलं की माणूस अर्थ विचारतो. फेरफार म्हटलं की तो आधी बसून घेतो, कारण त्या शब्दात एक मयत असतं, एक वाटणी असते, कधी बहिणीची सहीही असते. इंग्रजी ‘म्युटेशन’ इतका भरलेला शब्द नाही, हे मी कुणालाही ठामपणे सांगेन.

तर ते गुळाचं वाक्य. ‘रंगात भिन्नता संभवते’ असं पहिल्या दिवशी लिहिलं आणि खोडलं. ते औषधाच्या बाटलीवरचं वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेलो. काहिलीत रस उकळत होता, भेंडीचा चिकट रस घालून मळी वर काढणं चाललं होतं.

“मामा, रोज रंग का फिरतो?”

“रोज कुठला, आदणागणिक फिरतोय. रान निराळं, तोड निराळी, जाळ कमीजास्त. पावडर घातली की सगळा पिवळा निघतोय. आमी घालत न्हाई.”

बॅच म्हणजे आदण. शब्द तिथंच होता, वाफेत. परत येऊन लिहिलं, ‘रसायन न घातल्यामुळे आदणागणिक रंग निराळा येतो.’

मजकूर पाठवणारे व्यापारी म्हणाले, “पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकाला आदण कळंल का?”

मी खाली एक ओळ वाढवली, ‘आदण म्हणजे काहिलीत एका वेळी उकळलेला रस.’ खोक्याच्या कडेला तेवढी जागा होती.